ग्रीन टीची कॅप्सूल हा मधुमेहावरचा उपाय नव्हे

ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल मधुमेहींना साखर, वजन आणि कोलेस्टेरॉल एकाच वेळी आटोक्यात आणणारा नैसर्गिक उपाय म्हणून विकल्या जातात. दाव्याच्या बाजूने तीन गोष्टी सांगतात. जपानमध्ये ग्रीन टी पिणाऱ्यांना मधुमेह कमी होतो. चहातील कॅटेचिन द्रव्ये प्रयोगशाळेत साखरेच्या चयापचयावर परिणाम घडवतात. आणि वनस्पतिजन्य वस्तूपासून अपाय होत नाही. पहिल्या दोन गोष्टींतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, तिसरी तर मुळातच खोटी आहे.

जपानमधला अभ्यास खरा आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत 17,413 प्रौढ होते. रोज सहा किंवा अधिक कप ग्रीन टी पिणाऱ्यांत मधुमेह होण्याचे प्रमाण, क्वचितच ग्रीन टी पिणाऱ्यांच्या मानाने, 33 टक्क्यांनी कमी आढळले. मात्र ही माणसे चहा पीत होती, अर्काच्या गोळ्या घेत नव्हती, आणि पाहणीच्या सुरुवातीला त्यांना मधुमेह नव्हता. शिवाय त्याच पाहणीत रोज तीन किंवा अधिक कप कॉफी पिणाऱ्यांतही असाच फरक दिसला. अशा निरीक्षणातून दुवा कळतो, कारण सिद्ध होत नाही. मधुमेह जडलेल्या माणसाची साखर कॅप्सूलने उतरेल, असे तर त्यातून मुळीच निघत नाही.

प्रयोगशाळेतल्या पुराव्याचेही तसेच. ईजीसीजी हे चहातले प्रमुख कॅटेचिन पेशींवर थेट सोडले की परिणाम दिसतो. पण पोटात घेतलेल्या ईजीसीजीचा फारच थोडा अंश रक्तात पोहोचतो. म्हणून निर्णय माणसांवरील चाचण्यांनीच करायला हवा.

तैवानमध्ये लठ्ठ मधुमेहींना 16 आठवडे रोज 1500 मिलिग्रॅम अर्क दिला गेला. अर्क घेणाऱ्यांचे काही आकडे त्यांच्याच सुरुवातीच्या आकड्यांपेक्षा सुधारले. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, घेणाऱ्या गटाशी तुलना केल्यावर मात्र दोन गटांत लक्षणीय फरक उरला नाही. चाचणीत नाव घातलेला रुग्ण जेवणाकडे लक्ष देतो, नेहमीची औषधे वेळेवर घेतो, तपासण्या चुकवत नाही. त्याची साखर त्यानेही सुधारते. ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोनच रिपोर्ट दाखवणारी जाहिरात याच कारणाने पुरावा ठरत नाही.

अनेक चाचण्या एकत्र केल्या तर? 2013 च्या एका विश्लेषणात एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे माप, 0.3 टक्के-अंकाने उतरल्याचे दिसले होते, हे सांगायलाच हवे. पण 27 चाचण्या आणि सुमारे 2,200 माणसे घेऊन 2020 मध्ये झालेल्या विश्लेषणात एचबीएवनसी आणि इन्शुलिन यांवर परिणाम आढळला नाही. उपाशीपोटीची साखर सरासरी 1.44 मिलिग्रॅमने घटली. म्हणजे 160 ची साखर 158.5 च्या आसपास आली. घरच्या ग्लुकोमीटरला आंतरराष्ट्रीय मानकानुसार या पातळीवर 15 टक्क्यांची चूक माफ आहे. खरी साखर 160 असताना त्याने 136 दाखवले किंवा 184 दाखवले तरी यंत्र प्रमाणितच. जी घट रुग्णाच्या यंत्राला दिसूही शकत नाही, तिच्यासाठी दरमहा पैसे मोजायला लावणे हा रुग्णावर अन्याय आहे. एलडीएल कोलेस्टेरॉल थोडे उतरते, तेही काही मिलिग्रॅमच.

खरी काळजी यकृताची. कपभर ग्रीन टीत साधारण 50 ते 100 मिलिग्रॅम ईजीसीजी असते आणि ते घोटाघोटाने पोटात जाते. कॅप्सूलमधून कित्येक कपांचे एकदम जाऊ शकते. उपाशीपोटी घेतल्यास रक्तातली पातळी आणखी चढते. एक्सोलिस नावाचे अर्काचे उत्पादन यकृताला इजा झाल्याच्या नोंदींनंतर 2003 मध्ये फ्रान्स आणि स्पेनमध्ये बाजारातून काढले गेले. अमेरिकेतील मिनेसोटा येथे स्त्रियांना वर्षभर रोज 843 मिलिग्रॅम ईजीसीजी दिले, तेव्हा सुमारे पाच टक्के जणींचे एसजीपीटी, म्हणजे यकृताची इजा दाखवणारे एन्झाइम, बरेच वाढले. प्लासिबो गटात हे प्रमाण एक टक्क्याच्या आत होते. युरोपीय संघाने 2022 मध्ये पूरक पदार्थांतील ईजीसीजी दिवसाला 800 मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचे बंधन घातले आणि उपाशीपोटी घेऊ नये अशी सूचना वेष्टनावर सक्तीची केली. टाइप 2 मधुमेहात फॅटी लिव्हर अनेकांना आधीच असते; अशा रुग्णाने यकृतावर विनाकारण नवा भार का घ्यावा?

यकृताखेरीज इतर अडचणीही आहेत. ग्रीन टी नॅडोलॉल या रक्तदाबाच्या औषधाचे शोषण बरेच कमी करते, तर जेवणाबरोबर घेतल्यास अन्नातील लोह कमी शोषले जाते. लोहाच्या कमतरतेने एचबीएवनसी खोटेच वाढलेले दिसू शकते, त्यामुळे रक्तक्षय असलेल्या मधुमेही स्त्रीसाठी ही बाब क्षुल्लक नाही.

चहाच्या कपाला मात्र मधुमेहीच्या दिवसात जागा आहे. दोन चमचे साखर घातलेला दुधाचा चहा दिवसातून चार वेळा पिणाऱ्याच्या पोटात तेवढ्यानेच तीस-चाळीस ग्रॅम साखर जाते. त्याऐवजी बिनसाखरेचा ग्रीन टी, तोही दोन जेवणांच्या मध्ये, घेतला तर ही साखर वाचते. बिनसाखरेच्या साध्या चहानेही ती वाचते. आहार आणि चालण्याने फायदा होतो याचा पुरावा तर भारतातच आहे: चेन्नईहून चालवलेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांत जीवनशैली बदलल्याने मधुमेहाचा धोका 28.5 टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिनने 26.4 टक्क्यांनी.

जे आधीपासून कॅप्सूल घेत आहेत त्यांनी बाटली डॉक्टरांना दाखवावी आणि एसजीपीटी तपासून घ्यावे. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अन्नावरची वासना उडणे किंवा उजव्या बरगडीखाली दुखणे, यांपैकी काही जाणवल्यास कॅप्सूल त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जावे. मधुमेहाची नेहमीची औषधे मात्र आपल्या मनाने थांबवू नयेत.