थकव्याचा धंदा

डबा उलटा करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. भारतात हेल्थ सप्लिमेंट म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापणं २०१६ च्या नियमांनी सक्तीचं केलं आहे. पुढच्या बाजूला मात्र ठळक अक्षरांत ‘सेल्युलर एनर्जी’ आणि ‘हेल्दी एजिंग’. कायद्यासमोर हा माल खाद्यपदार्थ असतो आणि म्हाताऱ्या माणसाच्या दिवाणखान्यात शिरला की औषध होतो. हा दुटप्पीपणा चुकून घडलेला नाही. सगळा धंदाच त्यावर उभा आहे.

मी डॉक्टर आहे. या डब्यांपायी महिन्याला हजारो रुपये जातात याचं मला वाईट वाटतं, पण संताप येतो तो वाया गेलेल्या महिन्यांचा. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. जिना चढताना धाप लागायची, दुपारी उठवत नसे. नात्यातल्याच एका बाईंनी त्यांना सांगितलं होतं, “मावशी, वय झालं की पेशींची बॅटरी उतरते, हे घ्या.” मावशींनी सात महिने कॅप्सूल घेतल्या. दवाखान्यात आल्या तेव्हा नखं आणि डोळ्यांच्या आतली कड पांढरी पडली होती, हिमोग्लोबिन सातच्या खाली. साठीनंतर लोह असं कमी झालं तर रक्त कुठून तरी जात असणार हे आधी शोधायचं असतं. ते मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूच्या गाठीतून जात होतं. सात महिने गाठ वाढत राहिली आणि बाई पेशींना ऊर्जा पुरवत राहिल्या.

थकवा हे लक्षण आहे. शरीर आपल्याला काहीतरी सांगत असतं आणि ते ऐकून घेणं हे डॉक्टरचं पहिलं काम. अशक्तपणामागे रक्तक्षय असतो, थायरॉइड असतो, न सापडलेला मधुमेह असतो, क्षयरोग असतो, निकामी होत चाललेलं हृदय किंवा मूत्रपिंड असतं, नवरा गेल्यानंतर कुणाशी न बोललेलं नैराश्य असतं. डबा विकणारा या सगळ्यांना एकच नाव देतो, वय. आणि वयाची कुणी तपासणी करत नाही.

आता त्या डब्यात काय असतं ते बघू. पेशीत अन्नापासून ऊर्जा तयार होते ती मायटोकाँड्रियात, आणि त्या कामाला एनएडी नावाचा रेणू लागतो. वयानुसार काही ऊतींमध्ये तो कमी होतो असं संशोधन सांगतं. इथवर खरं आहे. मग ‘एनएडी वाढवा, तारुण्य टिकवा’ ही उडी येते, आणि खोटं त्या उडीत आहे. एनएमएन हा एनएडीचा पूर्वरेणू. त्यावरच्या ज्या मानवी प्रयोगाचा सर्वाधिक गाजावाजा झाला तो २०२१ साली ‘सायन्स’मध्ये छापून आला. त्यात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २५ स्त्रिया होत्या, कालावधी १० आठवडे, मात्रा रोज २५० मिलिग्रॅम. स्नायूंचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला, वजन आणि रक्तदाब होते तिथेच राहिले. काम प्रामाणिक आहे, पुढे तपासावं असं आहे. पण या २५ जणींच्या जोरावर सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षं तरुण करण्याचं वचन देणं ही फसवणूक आहे.

हा खेळ आधीही झाला आहे. २००३ साली हार्वर्डच्या डेव्हिड सिंक्लेअर यांच्या गटाने द्राक्षांच्या सालीतल्या रेस्व्हेराट्रोलमुळे यीस्टचं आयुष्य वाढतं असं दाखवलं. त्याच कल्पनेवर उभ्या राहिलेल्या सर्ट्रिस या कंपनीसाठी ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने २००८ साली ७२ कोटी डॉलर मोजले. २०१० मध्ये फायझरच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की अशा रेणूंचा परीक्षानळीत दिसलेला परिणाम बराचसा प्रयोगात वापरलेल्या चमकत्या रंगद्रव्यामुळे होता. २०१३ मध्ये सर्ट्रिसचं कार्यालय बंद झालं. रेस्व्हेराट्रोलवर ढीगभर निबंध लिहिणाऱ्या दीपक दास यांच्या कामात कनेक्टिकट विद्यापीठाला २०१२ साली बनावट माहितीची १४५ उदाहरणं सापडली. अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या एका कार्यक्रमात अशी रसायनं एकाच वेळी तीन स्वतंत्र प्रयोगशाळांमधल्या उंदरांवर तपासली जातात. तिथे रेस्व्हेराट्रोलने आयुष्य वाढलं नाही, एनएडी वाढवणाऱ्या निकोटिनामाइड रायबोसाइडनेही नाही. रॅपामायसिनने वाढलं, पण ते प्रतिकारशक्ती दाबणारं खरंखुरं औषध आहे आणि कुणी ते सोसायटीच्या भिशीत वाटत नाही. एवढं होऊनही रेस्व्हेराट्रोलच्या बाटल्या दुकानांत तशाच आहेत. विज्ञान मागे हटलं, बाजार हटला नाही.

एनएडीच्या खऱ्या तुटवड्याची गोष्ट आपल्या दख्खनमधलीच आहे आणि ती या विक्रेत्यांच्या तोंडून कधी ऐकू येणार नाही. एनएडी बनतं ते बी-३ जीवनसत्त्वापासून, म्हणजे नायसिनपासून. ते पुरेसं मिळालं नाही की पेलाग्रा होतो. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे येतात, जुलाब लागतात, बुद्धी भ्रमते आणि उपचार झाले नाहीत तर माणूस मरतो. आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हैदराबादच्या प्रयोगशाळेतल्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली ‘लॅन्सेट’मध्ये हा आजार मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्ये नोंदवला. भाकरीसोबत डाळ, दूध, मांस मिळत नव्हतं म्हणून ही माणसं आजारी पडली होती. उपाय होता साध्या नायसिनच्या गोळ्या आणि बरं जेवण. आजच्या महागड्या डब्यांतले रेणू त्याच बी-३ च्या कुळातले आहेत. फरक एवढाच की ज्यांना त्याची गरज होती त्यांच्याकडे पैसे नव्हते, आणि ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांच्या पोटात ते रोजच्या जेवणातून पुरेसं जातं.

आणि कमतरता आजही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तर ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होतं. खेडं, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग या तिघांत सर्वात वाईट अवस्था शहरी मध्यमवर्गाची होती, ८१ टक्के. म्हणजे नेमकी ही डबे विकत घेणारी मंडळी. बी-१२ नसलं की रक्त नीट बनत नाही, पाय बधिर होतात, स्मरण ढासळतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही कमतरता आणखी वाढते. चाचणी होते, गोळ्या-इंजेक्शनं स्वस्त आहेत, गुण येतो. त्यात कुणाला कमिशन नाही, म्हणून त्याचा प्रचारक कुणी होत नाही.

“पण डॉक्टर, नुकसान तर नाही ना?” हे वाक्य विक्रेत्यांनी लोकांच्या तोंडी बसवलं आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला, निष्कर्ष १९९४ मध्ये आले. गाजरात असतं तेच बीटा-कॅरोटीन, कर्करोग टळेल या आशेने रोज दिलेलं. ज्यांना ते मिळालं त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. त्या दिवसापासून ‘नैसर्गिक आहे, अपाय कसला’ हा युक्तिवाद संपायला हवा होता.

मायटोकाँड्रियाच वाढवायचे असतील तर रस्ता १९६७ पासून माहीत आहे. सेंट लुईसच्या जॉन हॉलोसी यांनी उंदरांना पट्ट्यावर पळवलं आणि त्यांच्या स्नायूंतली मायटोकाँड्रियाची क्षमता जवळपास दुप्पट झाल्याचं दाखवलं. माणसांतही व्यायामाने हेच घडतं. पर्वतीच्या पायऱ्यांना तिकीट नाही.

न्यूजर्सीहून सुट्टीला येणाऱ्या मुलांना मी स्पष्टच सांगते. बॅगेत बाटल्या भरून आणता ते प्रेमापोटी, हे मला कळतं. पण आईच्या रक्ताचा शेवटचा रिपोर्ट कधीचा आहे हे तुम्हाला सांगता येत नाही. फोनवर विचारा. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, साखर, क्रिएटिनिन. एका बाटलीच्या किमतीत हे सगळं होतं.

आणि विकणाऱ्यांना. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत जाहिरात म्हणजे फक्त फलक नाही. आवाज, परिपत्रक, इंटरनेट हे सगळं त्यात येतं. कॉलनीच्या हॉलमध्ये माइक घेऊन ‘आमच्या कॅप्सूलने मधुमेह उलटतो’ असं सांगणारा माणूस त्यात येतो, व्हॉट्सअॅपवर क्लिप फिरवणारी त्याची टीमही येते. मी माझ्या रुग्णांना आता एकच विनंती करते. पुढच्या वेळी असं कुणी बोलायला लागलं की फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा, आणि डब्याच्या दोन्ही बाजूंच्या फोटोसकट ते अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रारीला जोडा. मसुदा माझ्याकडून न्या. सही मीही करीन.