गुरुवारचा नाताळ, शुक्रवारचा रस्सा

डिसेंबरात पुरवण्यांमधून ‘परिपूर्ण ख्रिसमस डिनर’ छापून यायला लागलं की माझा आठवडा बिघडतो. यंदाही बिघडला. अख्खी भाजलेली कोंबडी (टर्की मिळत नाही म्हणून), कुस्करलेले बटाटे, लाल बेरीची चटणी, मधोमध मेणबत्ती. एवढ्यावर भागलं असतं तर मी पान उलटलं असतं. पण तेच पान वाचून पुतणीचा फोन आला. राजारामपुरीत तिचा नवा संसार आहे, लग्नानंतरचा पहिला नाताळ आहे आणि जेवायला तेरा माणसं आहेत. म्हणाली, “आत्या, माझ्याकडे ओव्हन नाही. मग नाताळाचं जेवण करू कसं?”

कोल्हापुरात वाढलेली मुलगी, चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर, आणि तिला वाटतं की ओव्हनवाचून सण अडला. याचा मला मनापासून राग आला. तिचा नाही, त्या पानाचा.  म्हणून आज विषय नाताळाच्या जेवणाचा.

अमेरिकन मिशनरी रेव्हरंड वायल्डर कोल्हापुरात आले १८५२ साली. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये याच गावात जन्मला. न्यू शाहूपुरीतलं वायल्डर मेमोरियल चर्च आपण रोज पाहतो. म्हणजे या गावात पावणेदोनशे वर्षांच्या आसपास नाताळ शिजतो आहे. एवढ्या काळात उपासनेतलं गाणं मराठी झालं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग, ओवी, भजन देवळाच्या दारातून चर्चमध्ये आणलं, आणि त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. पेटी-तबल्यावरच्या भजनाला आज कुणी परकं म्हणत नाही. ताटही तसंच मराठी झालं. पण कुणी नाताळाच्या जेवणावर लिहायला बसलं की चित्र मात्र लंडनचं काढतात.

आणि लंडनचं तरी नीट काढतात का? डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ १८४३ ची. भाजलेल्या पक्ष्याचं जे चित्र जगभर गेलं त्यात या गोष्टीचा वाटा मोठा. त्या गोष्टीतल्या क्रॅचिट कुटुंबाकडे ओव्हन नाही. त्यांचा हंस (गूस) बेकरीवाल्याच्या भट्टीत भाजून येतो, कारण लंडनच्या गरीब वस्तीत घरोघरी तशी भट्टी नव्हतीच. आपल्याकडेही नानकटाईचं पीठ आणि केकचं मिश्रण डब्यात भरून बेकरीत नेत आणि भाजून आणत, हे चाळिशीपुढच्या कुणालाही आठवेल. तेव्हा ओव्हन नाही म्हणून खंतावणाऱ्या मुलींनी एवढं लक्षात ठेवावं की ज्या घराच्या नावाने हे चित्र खपतं, त्या घरातही तो नव्हता.

आता मुख्य मुद्दा. रोस्ट आणि रस्सा हे दोन पदार्थ मला शेजारी शेजारी ठेवून दाखवायचे आहेत, कारण जेवणाची आखणी कशी होते हे त्यांतून जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशातून कळत नाही.

रोस्ट माणसं मोजून होतो. पाच किलोचा पक्षी असेल तर इतक्या जणांना इतके काप. बर्फात गोठलेला असेल तर फ्रिजमध्ये मोकळा व्हायला दर दोन किलोंना एक दिवस. मग भट्टीत तीनेक तास, आतलं तापमान ७४ अंशांवर गेलं की बाहेर, वर अर्धा तास विसावा, आणि मग लगेच कापायचा. सगळी माणसं त्या क्षणी टेबलावर हजर पाहिजेत. ब्रिटनमध्ये ते जमतं. तिथे १९३२ पासून नाताळाच्या दुपारी राजाचं, मग राणीचं, आता पुन्हा राजाचं भाषण होतं. तीनच्या सुमाराला देश ते ऐकतो, आणि पुष्कळ घरांचं जेवण त्या भाषणाच्या अलीकडे किंवा पलीकडे बसवलेलं असतं. बाहेर थंडी, दुकानं बंद, रस्ते ओस. दाराशी अवचित कुणी येणार नाही, हे त्या जेवणात गृहीतच आहे.

आमच्याकडे नाताळाच्या दिवशी दार बंद नसतं. उपासना संपली की चर्चच्या आवारातच “सलाम, नाताळच्या शुभेच्छा” करता करता चार माणसं वाढतात. मिरजेची मावशी मुलासुनेला घेऊन येते. समोरच्या घरातल्या काकू, मुलांचे वर्गमित्र, दुकानातला जुना कामगार. कोण किती वाजता येईल हे सांगता येत नाही, आणि सांगून या असं म्हणणं आमच्या गावात शोभतही नाही. एका पक्ष्याचे काप इथे पुरायचे कसे?

रस्सा पुरतो. तीन किलो मटण घ्या, थोडं मांडीचं, थोडं चाप-सीन्याचं, नळ्या भरपूर. कांदा, आलं-लसूण, मीठ, हळद चिमूटभरच, कारण जास्त झाली तर पांढरा रस्सा पिवळा दिसतो. पातेल्यावर ताट, ताटात पाणी, आणि मंद आचेवर दीड-दोन तास. ताटातलं गरम झालेलं पाणी आत ओतत राहायचं. यातून निघतं ते अळणी, आणि तिथून पुढे सगळे रस्ते फुटतात. अळणीत नारळाचं दूध, वाटलेली खसखस, काजू, पांढरे तीळ, वर लवंग-वेलदोडा-दालचिनीची फोडणी: पांढरा. दुसऱ्या पातेल्यात भाजलेलं खोबरं, तीळ, धणे, कांदा यांचं वाटण आणि कांदा-लसूण चटणी: तांबडा. मटणाच्या फोडी जाड वाटणात परतल्या की सुकं. उरलेल्या अळणीत आजऱ्याचा घनसाळ शिजवला तर त्या भाताच्या वासाने दारातला माणूस आत येतो. एका पातेल्यातून चार पदार्थ, आणि पाचवं माणूस आलं, दहावं आलं, तरी कुणाचा वाटा कापावा लागत नाही. तांबड्यात दोन वाट्या आधण पडतं, भाकऱ्या वाढतात, बस्स.

यात मांसाचाही हिशेब आहे. आपलं बोकड हिंडून चरलेलं, अंगावर चरबी कमी, स्नायूंमध्ये चिवट धागे जास्त. कोरड्या आचेत ते आक्रसतं आणि दाताला लागतं. पाण्यात सावकाश शिजलं की तेच धागे विरघळतात आणि रश्श्याला तो अंगचा दाटपणा देतात, ओठ एकमेकांना चिकटवणारा. भट्टीत मांडी भाजून सहा माणसं जेवतील; तीच मांडी नळ्यांसकट पातेल्यात गेली तर पंधरा. २०१९च्या अखेरीला मटणाच्या दरावरून हे गाव रस्त्यावर उतरलं होतं, ते मी विसरलेले नाही. इथे मटण हा चैनीचा नव्हे, हक्काचा विषय आहे आणि किलोमागचा प्रत्येक रुपया घरातली बाई मोजते.

इथे माझं नेहमीचं म्हणणं पुन्हा सांगते, कंटाळलात तरी. नाताळाचं मटण कुकरमध्ये लावू नका. शिट्ट्यांनी मांस मऊ होतं, पण अळणी गढूळ होते आणि पांढऱ्या रश्श्याची चव दबते. याला माझ्यापाशी जिभेपलीकडे पुरावा नाही. तरीही माझं ठाम मत आहे की या गावातल्या घरांमधून पांढरा रस्सा कमी होत चाललाय तो कुकरमुळे. तो आता हॉटेलात जाऊन मागवायची वस्तू झालाय, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

सणाचं जेवण आधीच शिजवून ठेवण्याच्या बाबतीत वसईची आणि गोव्याची मंडळी शहाणी आहेत. त्यांचं सार्पोतेल व्हिनेगरमध्ये दोन-तीन दिवस आधी शिजतं आणि मुरत जातं. सणाच्या सकाळी फक्त गरम करायचं. त्यांचं व्हिनेगर पोर्तुगीजांकडून आलं. आमच्याकडे आले अमेरिकन प्रेस्बिटेरियन, दारूला सक्त विरोध असणारे. म्हणून आमच्या केकमधला सुकामेवा अजूनही संत्र्याच्या रसात भिजतो. बाकी स्वयंपाकघरात त्यांनी फारसं काही बदललं नाही, हे आमचं भाग्य.

यंदा आखणी अवघड आहे ती वाराने. येता नाताळ गुरुवारी. मार्गशीर्षातले गुरुवार संपले, तरी दत्ताचा गुरुवार उरतोच. नृसिंहवाडी जवळ असलेल्या मुलखात निम्मी गल्ली गुरुवार पाळते. शिवाय शिरोळ-हातकणंगल्याकडचे आमचे जैन आणि लिंगायत स्नेही कोणत्याच वारी मांसाहार करत नाहीत. भाजलेल्या पक्ष्याभोवती मांडलेल्या टेबलावर या माणसांना बसवणार कुठे? बटाट्याच्या बाजूला?

माझी आखणी अशी. गुरुवारी घरच्यांसाठी मटण, आणि त्याच्या बरोबरीने, वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या शेगडीवर, शाकाहारी स्वयंपाक पूर्ण मानाने: पुरणपोळी, कटाची आमटी, भरली वांगी, घनसाळचाच मसालेभात. “तुमच्यासाठी भाजीही केलीय” असं म्हणण्यासारखी एखादी वाटी नव्हे, अख्खं ताट. आणि गुरुवार पाळणाऱ्यांना शुक्रवारचं आमंत्रण. बुधवार, शुक्रवार, रविवार हे आमचे मटणाचे वार आहेत. नाताळ दोन दिवस चालला तर बिघडत नाही. शुक्रवारसाठी दोन किलो वेगळं सांगून ठेवायचं आणि रस्सा ताजा करायचा. आदल्या दिवसाचा उरलेला पाहुण्यांना वाढायचा नाही, तो घरच्यांनी सकाळी भाकरीशी खायचा.

फराळाबद्दल थोडक्यात. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, बेसनाचे लाडू आठवडाभर आधीच होतात, ते मंगळवारपर्यंत डब्यांत गेले पाहिजेत. दिवाळीत शेजारून आलेली ताटं आपल्याकडे आहेत. ती नाताळाला भरून जातात, गुरुवारी सकाळीच. सध्या गुऱ्हाळं चालू आहेत, तेव्हा केकमध्ये साखर जाळून काळा रंग आणण्यापेक्षा काकवी घाला. रंग येतो, ओलावा टिकतो आणि कोल्हापूरचा केक कोल्हापूरचा लागतो. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मीठ किंवा वाळू तापवून, आत स्टँडवर डबा ठेवून, मंद आचेवर पाऊण ते एक तास. झाकण उघडून सारखं बघायचं नाही.

आता बुधवार. हा या सगळ्याचा कणा आहे आणि छापील पानांत तो कधीच नसतो. मटण बुधवारी दुपारी आणायचं, कारण संध्याकाळी रांग वाढते. खसखस आणि काजू भिजत टाकायचे. खोबरं, तीळ, धणे भाजून वाटण करून ठेवायचं. संध्याकाळी अळणी शिजवून घ्यायची, गाळायची, मटण आणि पाणी वेगवेगळ्या भांड्यांत निववून फ्रिजमध्ये. रात्री गाणारी मुलं दारात येतील. थंडीत तासभर गल्ल्या तुडवून आलेल्या पोरांना केकचा तुकडा तर द्याच, पण त्याआधी वाटीभर गरम अळणी द्या, मिरपूड टाकून. शाकाहारी मुलांसाठी सुंठीचं दूध.

गुरुवारी उपासनेहून आल्यावर फक्त तीन फोडण्या, भात आणि भाकऱ्या उरतात. नारळाचं दूध शेवटी, आणि ते पडलं की उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर पांढरा फाटतो. मदतीला हात असतील तर सव्वा तासात पहिली पंगत बसते.

रोस्ट मला नको आहे याचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे. तो जेवणाच्या आधीचे नेमके तीन तास मागतो, आणि ते तीन तास उपासनेचे आहेत. कुणीतरी घरी भट्टीपाशी थांबायचं, ते कुणीतरी कोण, हे प्रत्येक घराला माहीत आहे. आधीच आमच्या कितीतरी बाया उपदेश संपायच्या आत चप्पल शोधायला लागतात, कारण घरी गॅस पेटवायचा असतो. वर्षभर ज्या सकाळची वाट पाहिली, त्या सकाळी शेवटचं गाणं त्यांना रिक्षात ऐकू येतं. हे आमच्या चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि ते थांबलं पाहिजे. अळणी बुधवारी शिजवायची ती यासाठी. नारळ खवणं, लसूण सोलणं, वाटण वाटणं, पातेली उचलणं ही बुधवारची कामं घरातल्या पुरुषांनी करावीत आणि गुरुवारी भाकऱ्यांचं पीठही त्यांनीच मळावं. आशीर्वाद होईपर्यंत कुठल्याही घरची चूल पेटू नये, असं पाळकसाहेबांनी येत्या रविवारी व्यासपीठावरून सांगितलं, तर मला फार बरं वाटेल.