वाऱ्याचा सात-बारा कुणाच्या नावावर?

मैत्रिणींनो, साताऱ्याहून ठोसेघरचा धबधबा बघायला गेलं की गाडी हमखास पुढे चाळकेवाडीच्या पठारावर जाते. पवनचक्क्यांच्या रांगा, पदर उडवणारा वारा, गरमागरम कणीस आणि मग फोटो! मुलं विचारतात, "आई, यातून वीज कशी तयार होते गं?" आपणही शाळेत शिकलेलं सांगतो. धूर नाही, राख नाही, कोळसा नाही. ते सगळं खरंच आहे. पण या पठारावरच्या आणि त्याखालच्या वाड्यांमधली गुरं कुठे चरतात, सरपण कुठून येतं, हा प्रश्न गाडीतल्या कुणाला पडत नाही. तो पडावा म्हणून आज लिहिते आहे.

आधीच सांगते, मी पवनचक्कीच्या विरोधात नाही. २००५च्या आसपासचं भारनियमन आपल्यापैकी कोण विसरलंय? अंधारात स्वयंपाक, मेणबत्तीवर मुलांचा अभ्यास आणि वीज येईल तेव्हा, मग ते रात्री दोन वाजता का असेना, पाणी चढवायला उठणं. वीज म्हणजे काय ते बायकांना कुणी शिकवायला नको. हवामान बिघडतंय, कोळसा कमी जाळायला हवा, हेही पटतं. तरीही गावोगावचे लोक पवनचक्क्यांना विरोध का करतात, हे त्यांना 'अडाणी' न म्हणता समजून घ्यायला हवं.

हा 'अडाणी' शिक्का कुठून आला? २००३च्या दुष्काळाच्या सुमारास सातारा-सांगलीकडे एक समज पसरला होता, की पवनचक्क्या ढग पळवून लावतात आणि म्हणून पाऊस पडत नाही. हा समज चुकीचाच होता. मोसमी पाऊस शेकडो मैलांवरच्या घडामोडींवर ठरतो, डोंगरावरच्या पात्यांनी तो हटत नाही. पण लोकांना असं का वाटलं असेल? रातोरात डोंगरावर प्रचंड यंत्रं उभी राहिली आणि ती काय आहेत, कुणाची आहेत, किती वर्षं राहणार, हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नाही. जिथे माहिती पोहोचत नाही तिथे अफवा पोहोचते. अफवेला हसणं सोपं असतं. पण त्या हसण्याखाली खऱ्या तक्रारी दबल्या, त्याचं काय?

त्या खऱ्या तक्रारी आता कागदावरही आहेत. पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी ज्येष्ठ पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने समिती नेमली होती. तिच्या २०११च्या अहवालात भीमाशंकर परिसरातल्या पवनचक्क्यांचा उल्लेख आहे. मोठाली यंत्रं वर न्यायला डोंगर कापून रुंद रस्ते केले, झाडं गेली, माती-दगड ओढ्यांत आणि शेतांत आले आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगरांत वावरणाऱ्यांना तिथे जायला अडवलं गेलं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात वनजमिनीवर पवनचक्क्या आल्या, तेव्हा ती जमीन कसणाऱ्या आदिवासींनी असाच विरोध केला होता.

चाळकेवाडीच्या पठारावर तर शास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चार पटींनी कमी आढळले. पक्षी कमी झाले म्हणून त्यांचं भक्ष्य असलेले सरडे वाढले. हा सरडा साधासुधा नाही बरं का! गळ्याला निळ्या-नारिंगी रंगाचा पंखा असलेला हा जीव याच पठारावरचा म्हणून २०१६ मध्ये जगापुढे आला आणि शास्त्रज्ञांनी त्याच्या कुळाला आपल्या मराठी 'सरडा' शब्दावरूनच नाव दिलं. तात्पर्य इतकंच, की आपल्याला जे उघडं माळरान वाटतं ते रिकामं नसतं. तिथे कुणाचं तरी घर असतं, कुणाचं तरी कुरण असतं.

बरं, एवढा मोठा प्रकल्प उभा करायचा तर गावाला आधी विचारत असतील ना? इथेच मेख आहे. २००६च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार धरण, खाण, मोठा कारखाना यांना पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यातल्या बहुतेकांसाठी गावात जनसुनावणी घ्यावी लागते. पवनचक्क्या त्या यादीतच नाहीत. धूर नाही ना, मग मंजुरी कशाला! २०१६च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत, आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून पवनचक्की राहत्या घरापासून किमान ५०० मीटर लांब असावी असं सांगितलंय. पण आपल्या घरापासूनचं अंतर मोजायचा आपल्याला हक्क आहे, हे किती जणींना ठाऊक असतं?

बचत गटाच्या कामासाठी मी डोंगरावरच्या वाड्यांमध्ये जाते. एका बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "ताई, आमास्नी कोन इचारतंय? कागूद आला, मालकानं सही केली. दुसऱ्या दिशी जेसीबी आला, मग कळलं." पैसे मालकांच्या खात्यात गेले. त्यातून मोटारसायकल आली, थोडं देणं फिटलं. मावशींच्या वाट्याला काय आलं? सरपणाची जुनी वाट तोडून नवा रस्ता झाला, म्हणून वळसा घालून मैलभर जास्तीची चाल. दुसरी म्हणाली, तिच्या मुलाला तिथे राखणदाराची नोकरी लागली आणि पक्क्या रस्त्यामुळे तिच्या सुनेला बाळंतपणासाठी वेळेत दवाखान्यात नेता आलं. म्हणजे फायदा कुणालाच होत नाही असंही नाही. पण जमिनीवर राबणारी, तिथलं पाणी, गवत, सरपण वापरणारी बाई त्या व्यवहारात कुठेच नसते. कारण सात-बारावर तिचं नावच नसतं!

आणि उघड चर्चा झाली नाही, की व्यवहार बंद दाराआड होतात. बंद दाराआडच्या पैशाचा वास गुंडांना लवकर लागतो. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी झालेली निर्घृण हत्या आपण सगळ्यांनी वाचली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या २ कोटींच्या खंडणीशी तिचा संबंध असल्याचं सीआयडीने आरोपपत्रात म्हटलं. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. पण गेलेल्या माणसाच्या घरातल्या बायकामुलांचे अश्रू आपण टीव्हीवर पाहिले, ते विसरता येत नाहीत. वाऱ्यासारख्या निर्मळ गोष्टीभोवती हे सगळं साचावं, याची मला फार खंत वाटते.

यावर उपाय नाही असं थोडंच आहे? डेन्मार्क हा पवनचक्क्यांचा देश. तिथेही लोकांचा विरोध होताच. म्हणून २००९च्या कायद्याने नव्या पवनचक्कीचे किमान २० टक्के हिस्से आधी आसपासच्या रहिवाशांना विकायला काढणं बंधनकारक केलं. घराची किंमत घटली तर भरपाईचीही सोय ठेवली. २०२० मध्ये हिश्शांचा नियम जाऊन जवळच्या शेजाऱ्यांना वार्षिक बोनस देण्याची पद्धत आली. पद्धत बदलली, पण वाऱ्याच्या कमाईत शेजाऱ्याचा वाटा असतो हे तत्त्व राहिलं. आपल्याकडे उलट! कोयनेच्या खोऱ्यातल्या माणसांनी धरणासाठी गावं सोडली. मग वरच्या पठारांवर पवनचक्क्या आल्या. पाण्याचीही वीज झाली, वाऱ्याचीही झाली आणि तरुण पोरं मात्र अजून मुंबईची गाडी धरतात.

आता आपण काय करू शकतो? मैत्रिणींनो, पुष्कळ करू शकतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असं आपल्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. बऱ्याच गावांत ती फक्त सह्यांपुरती होते. ती खरोखर भरवा. पवनचक्कीचा विषय आला तर विचारा : घरांपासून अंतर किती? रस्ता कुणाच्या शेतातून आणि कोणत्या झऱ्यावरून जाणार? गायरान जाणार का? गुरांना आणि आपल्याला वर जायला मोकळीक राहील का? गावाला दरवर्षी काय मिळणार? आणि यंत्र जुनं झाल्यावर ते उतरवून जमीन सारखी कोण करून देणार? उत्तरं लेखी घ्या आणि सभेच्या वहीत नोंदवा.

दुसरं काम घरातलं आहे आणि ते अधिक अवघड आहे. नवऱ्याबरोबर बायकोचं नाव सात-बारावर लावायची 'लक्ष्मीमुक्ती' योजना १९९२ पासून आहे. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज करायचा असतो. महाराष्ट्रात वडिलोपार्जित जमिनीत मुलीला वाटा १९९४ च्या कायद्यानेच मिळाला आहे. "नाव लावून काय करणार?" असं घरात विचारतील. सांगा, उद्या कागद आला तर तो आधी मीही वाचणार आहे.

वारा कुणाच्या बापाचा नाही, तो सगळ्यांचा आहे. त्याची वीज जरूर व्हावी. पण ज्या जमिनीवर पवनचक्की उभी राहते तिच्या कागदावर, तिथे राबणाऱ्या बाईची सहीही दिसायला हवी.