एम३ नको, एम२ घे!

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे.

सुरुवातीलाच सांगून टाकतो. लायका एम३ हा आजवर बनलेला सर्वांत उत्तम रेंजफाइंडर कॅमेरा आहे असं जो तो म्हणतो, आणि ते बहुतेक खरंही आहे. तरीसुद्धा आपल्याकडे ज्याला घरातल्या माणसांचे फोटो काढायचे आहेत त्याने तो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

निमित्त आमचा भाचा. नोकरीला लागून दोन वर्षं झाली, बोनसचे पैसे बाजूला ठेवलेत, आणि त्याला हवाय फिल्मचा, पूर्ण मेकॅनिकल, बॅटरीवाचून चालणारा रेंजफाइंडर. "मामा, आजीचे फोनमध्ये हजार फोटो आहेत आणि कागदावर धड एक नाही," हे त्याचं कारण. आजी म्हणजे माझी आई, वय ८४. कारण मला शंभर टक्के पटलं. त्याने केलेली यादी मात्र पटली नाही. यादीत पहिला एम३, दुसरा एम६, आणि खाली बारीक अक्षरात "बजेट नसेल तर झोर्की".

ज्यांना यातलं काही माहीत नाही (नागपूरच्या काकू, हे तुमच्यासाठी!) त्यांना दोन शब्दांत. साध्या एसएलआर कॅमेऱ्यात आपण आरशामार्फत लेन्समधूनच बघतो. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसतो. आपण बघतो ते बाजूच्या एका वेगळ्या खिडकीतून. खिडकीच्या मधोमध एक छोटा उजळ चौकोन असतो, त्यात दोन प्रतिमा दिसतात, लेन्स फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की फोकस झाला. आणि फोटोत नेमकं काय येणार हे सांगायला खिडकीत उजळ रेषांची चौकट असते. लेन्सनुसार चौकट लहान-मोठी. चौकटीबाहेरचंही दिसत राहतं, म्हणजे दारातून कोण आत येतंय ते आधीच कळतं. यातली खरी गंमत तीच.

आता "बॉडीला काय महत्त्व, लेन्स चांगली घ्या" हे जे वाक्य फेकलं जातं ना, ते इथे साफ लंगडं पडतं. एसएलआरला ते चालेल. रेंजफाइंडरमध्ये तुम्ही लेन्समधून कधीच बघत नाही! तुमचं सगळं बघणं बॉडीच्या खिडकीतून. म्हणजे बॉडी निवडायची ती खिडकी बघून. नाव, वर्ष, सिरियल नंबर नंतर.

एम३ आला १९५४ मध्ये. खिडकीचं मोठेपण ०.९१ पट, म्हणजे जवळजवळ डोळ्याला दिसतं तेवढंच. दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढता येतो. अप्रतिम प्रकार आहे, वादच नाही. पण चौकटी तीनच: ५०, ९० आणि १३५. खिडकी मोठी ठेवली की त्यात ३५ची चौकट मावत नाही. मग १९५७ मध्ये लायकाने स्वस्तातला भाऊ म्हणून एम२ काढला. मोठेपण ०.७२, चौकटी ३५, ५० आणि ९०. एका वेळी एकच दिसते, खिडकी स्वच्छ.

आता घरी चला. दहा बाय बाराची खोली. एका भिंतीला पलंग, दुसरीला कपाट, कोपऱ्यात शिवणयंत्र. पाठ कपाटाला टेकवून उभं राहिलं तरी समोरच्या माणसापासून फार तर सात फूट मिळतात. फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद, म्हणून ३५च्या लेन्सला हिशेब एकदम सोपा: जेवढं अंतर, साधारण तेवढीच रुंदी. सात फुटांवरून सात फूट. ५०ची लेन्स तिथूनच पाच फूट घेते. सात फुटांत आई, तिच्या शेजारी बसलेली नात, खिडकी आणि खिडकीतलं तुळशीचं रोप येतं. पाच फुटांत आई, नात आणि रोपाची अर्धी कुंडी. आणि तुम्हाला मागे सरकायला जागा नाही, कारण मागे कपाट आहे! एम३वर ३५ची लेन्स लावायची तर लायकाने पुढे चक्क चष्मा बसवलेल्या लेन्सेस काढल्या होत्या. त्या चालतात, पण ज्या खिडकीसाठी पैसे मोजले तिलाच चष्मा लावून बघायचं म्हणजे कमाल झाली.

एम३वाले यावर एक हुकमी आकडा काढतात. फोकसची अचूकता ठरते ती दोन खिडक्यांमधल्या अंतराला मोठेपणाने गुणून. एम३चा गुणाकार ६२ मिलिमीटरच्या आसपास, एम२चा ५०. मान्य. पण ही जास्तीची अचूकता लागते ती ९० आणि १३५ला, किंवा ५०ची लेन्स पार उघडून काढताना. ३५च्या लेन्सला बेसा आर२एमचा २६देखील पुरतो. ट्रकचं इंजिन स्कूटरला लावून मंडईत भाजी आणायला जाणाऱ्याला काय म्हणावं?

एम६ची गोष्ट वेगळी. १९८४ चा कॅमेरा, आत मीटर, आणि बॅटरी संपली तर फक्त मीटर बंद पडतो, शटर चालूच. म्हणजे मेकॅनिकलच्या अटीत बसतो. पण खिडकीत सहा चौकटी, त्याही जोडीजोडीने: २८ बरोबर ९०, ३५ बरोबर १३५, ५० बरोबर ७५. शिवाय बाजूने उजेड आला की फोकसचा चौकोन पांढरा पडतो. आपल्या घरांत उजेड बाजूच्या खिडकीतूनच येतो हो! लायकाने २०२२ मध्ये हा कॅमेरा पुन्हा काढला तेव्हा अमेरिकेत किंमत होती ५,२९५ डॉलर. जुनाही एम२पेक्षा महागच पडतो. दोन लाल बाणांसाठी एवढे? उजेड मोजायला खिशातला फोन आहे. बाहेर उन्हात तर तोही नको. १६ची अ‍ॅपर्चर, शटरला फिल्मचा आयएसओ. झालं.

झोर्की ४ला मी नावं ठेवणार नाही. त्याच्यावर फोटोग्राफी शिकता येते. पण त्याच्या खिडकीत चौकटीच नाहीत, ती ५०साठीच बनवलेली. आणि शटर ओढण्याआधी स्पीड बदलला तर आतलं यंत्र बिघडू शकतं. बजेट कमी असेल तर जपानी कॅनन पी बघ, असं मी सांगितलंय. ३५ची चौकट आहे, शटरचा पडदा स्टीलचा. त्याला सुरकुत्या पडतात पण उन्हाने भोक पडत नाही. लायकाचा पडदा कापडी. आरसा नसल्यामुळे लेन्स सूर्याकडे राहिली तर भिंगाखाली कागद जळतो तसा तो जळतो. मे महिन्यात गच्चीवर टोपण न लावता ठेवलात तर बघा. फक्त कॅनन पीची ३५ची चौकट अगदी कडेला आहे, चष्म्यातून दिसत नाही. भाच्याला चष्मा आहे. म्हणून पुन्हा एम२. (एम४ही चालेल, रोल भरायला सोपा आहे.)

"पण मामा, एम३चा भाव वाढत जातो." अरे, मग सोनं घे. त्याला पावसाळ्यात बुरशी लागत नाही.

आणि मेकॅनिकल म्हणजे अजरामर, हेही डोक्यातून काढून टाक. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं यंत्र आहे, आतलं तेल वाळतं. एक सेकंदाचा स्पीड लावून कान देऊन ऐक. घरघर मध्येच अडखळली तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धर. पाठीमागचं झाकण उघड, लेन्स काढ, अंधारात पुढून टॉर्च मारून पडद्यातून उजेडाचे ठिपके येतात का बघ. लांबच्या पाण्याच्या टाकीवर फोकस लाव, दोन टाक्या दिसल्या तर परत दे. खिडकीच्या मागची धातूची कडी चष्म्याला ओरखडे पाडते, तिथे रबराची चकती चिकटव. रोल घातल्यावर एम२चा आकडा आपोआप शून्यावर येत नाही, हाताने फिरवावा लागतो.

दोन एम२ विकायला आहेत असं त्याने काल कळवलंय, एक पुण्यात, एक मुंबईत. रविवारी पुण्याचा बघायला जातोय. टॉर्च मी घेतोय. आईने विचारलं, फोटो कधी काढणार, म्हणजे ती इरकल काढून ठेवेल.