औषध पेशीपर्यंत पोहोचले, गावापर्यंत केव्हा?

मे २०२१ मधील दिवस मराठवाडा विसरलेला नाही. कोरोनातून उठलेल्या रुग्णांना, विशेषतः मधुमेहींना, काळ्या बुरशीने गाठले आणि चौसाळ्यासारख्या गावांतील नातलगांवर अॅम्फोटेरिसिन-बीच्या कुप्यांसाठी शहरोशहरी धावण्याची पाळी आली.

हे औषध बुरशीच्या पेशीच्या आवरणाला छिद्रे पाडून तिला मारते. परंतु साध्या स्वरूपात ते रुग्णाच्या मूत्रपिंडालाही इजा करते. यावर शास्त्राने शोधलेला उपाय म्हणजे लायपोसोम, अर्थात स्निग्ध रेणूंच्या दुहेरी पापुद्र्याची सूक्ष्म पिशवी. तीत बसविलेले औषध मूत्रपिंडाला बरेच कमी बाधते. इंग्लंडमध्ये अलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात या पिशव्यांचा शोध लावला. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर व सहकाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठातील संशोधकांसमवेत याच औषधाचे भारतीय लायपोसोम रुग्णांपर्यंत नेले. म्हणजे ज्ञान परके नव्हते. सार्वजनिक संस्थांतच ते वाढले होते.

मग तुटवडा का पडला? एरवी हा आजार विरळा, म्हणून मागणी अल्प. आणि अल्प मागणीसाठी कोणताही कारखानदार मोठी यंत्रणा सज्ज ठेवीत नाही. शिवाय हे उत्पादन इतके नाजूक की ते रातोरात वाढत नाही. किंमतही पाहावी. पन्नास किलो वजनाच्या रुग्णाला दिवसाला पन्नास मिलिग्रॅमच्या पाच कुप्या लागतात. कुपी सुमारे सात हजारांची धरली, तरी रोजचे पस्तीस हजार होतात, आणि उपचार कित्येक आठवडे चालतो! १२ जून २०२१ रोजी जीएसटी परिषदेने या औषधावरील कर शून्यावर आणला, हे योग्यच झाले; परंतु करमाफीने कुप्या निर्माण होत नाहीत.

तेव्हा शासनाने दरवर्षी ठराविक खरेदीची हमी द्यावी, अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी साठा ठेवावा आणि मुदत संपण्यापूर्वी तो मोठ्या रुग्णालयांकडे वळवावा. पडून राहणाऱ्या साठ्यावर खर्च कशाला, असा आक्षेप येईल. सुगीत पेव भरून ठेवणाऱ्या या दुष्काळी मुलुखाला त्याचे उत्तर ठाऊक आहे.

औषध पेशीपर्यंत कसे न्यावे, हा शास्त्राचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. ते चौसाळ्यापर्यंत कसे न्यावे, हा प्रश्न अर्थकारणाचा आहे आणि तो बाजारावर सोपवून सुटणारा नाही.