भिंतीवरून उतरलेलं निसर्गचित्र

चवथ जवळ आली की पेडणे-डिचोलीतल्या घरांत रंगकाम सुरू होतं. भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतात. देवांच्या तसबिरी पुसून परत वर चढतात. पण नदी, डोंगर, माडांचं एखादं छापील चित्र असलं की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "पोरनें जालां, उडय तें!" मित्रांनो, माझं म्हणणं इतकंच की ते उडवायच्या आधी जरा नीट बघा.

पहिला प्रश्न येतो किमतीचा. भिंग लावून बघा. निळे, लाल, पिवळे, काळे ठिपके शिस्तीत रांगेत दिसले तर ती ऑफसेट छपाई. अशी चित्रं हजारोंनी निघतात. ठिपके वेडेवाकडे, दाणेदार दिसले तर ती दगडावरची जुनी छपाई असू शकते. राजा रविवर्मांच्या 1894 साली मुंबईत सुरू झालेल्या छापखान्यात अशीच छपाई व्हायची. खाली पेन्सिलीने सही आणि 12/50 असा आकडा असेल, तर पन्नासच प्रतींतली ती बारावी. अशा वेळी जाणकाराला दाखवा. बाकी बहुतेक चित्रांना बाजारात फारसा भाव नाही, हे मान्य करून टाकूया.

पण भाव नाही म्हणजे मोल नाही, असं थोडंच आहे? चित्रात काय दिसतंय तेही बघा. स्वित्झर्लंडचं तळं असेल तर ठेवायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. पण आपल्या भागातलं काही असेल तर? मोपाच्या पठारावरून आता विमानं उडतात. डिचोलीतले कितीतरी डोंगर खाणींनी खाल्ले. तेरेखोलचा किनारा किंवा मयेचं तळं पूर्वी कसं दिसायचं, हे उद्या एखाद्या स्वस्त चित्रावरूनच कळेल. ते टाकलं की तो पुरावाही गेला.

सांभाळायला खर्च फारसा नाही. पावसाची झड लागणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नका. फ्रेमच्या मागे, खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळेल. काच आणि कागद यांत माउंटचं अंतर हवं. कागद काचेला चिकटलाच असेल तर ओढू नका. उन्हात लाल-पिवळा रंग आधी उडतो आणि सगळं चित्र निळसर पडतं. बुरशी आली तर ओलं फडकं नको. सावलीत सुकवून मऊ ब्रशने, नाकाला रुमाल बांधून, घराबाहेर झाडा. सेलोटेप आणि फेविकॉल लांबच ठेवा. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका, ते परत काढता येत नाही.

शेवटचं काम सगळ्यात सोपं, आणि तेच राहून जातं. आजी-आजोबांना विचारा: हे कुठलं, कोणी आणलं, कधी? उत्तर चित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. कागद पन्नास वर्षं टिकेलही, पण तो कुठला हे सांगणारं माणूस तेवढं थांबणार नाही. यंदा चवथीला भिंत रंगवाल, तेव्हा एवढं कराच.