हजेरी आणि काम

यंदाच्या दिवाळी अंकातल्या विशेष विभागासाठी 'घरून काम' हा विषय निघाला तेव्हा आमच्याच संपादक मंडळातून हरकत आली, की हा विषय आता शिळा झाला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, कार्यालयांतले संगणक टेम्पोत घालून लोकांच्या घरी पोचवले गेले, तेव्हा तो ताजा होता. आता कंपन्यांनी माणसं परत बोलावली, हिंजवडीचा रस्ता पुन्हा तुंबू लागला, मग बोलायचं काय उरलं? मला मात्र वाटतं, की या विषयावर नीट बोलायची वेळ आत्ता आली आहे. तेव्हा कोणापुढेच पर्याय नव्हता. आज आहे. तो कोण निवडतं आणि कशाच्या आधारावर निवडतं, हे बघायला हवं.

टीसीएस या आयटी कंपनीने २०२० मध्ये जाहीर केलं होतं, की २०२५ पर्यंत एका वेळी पंचवीस टक्के कर्मचारी कार्यालयात असले तरी पुरेल. ऑक्टोबर २०२३ पासून त्याच कंपनीने आपल्या लोकांना आठवड्याचे पाच दिवस हजर राहायला सांगितलं. मधल्या काळात काम थांबलं नव्हतं. आयटी कंपन्यांचा धंदा त्या वर्षांत वाढला होता. मग बोलावणं का आलं? एकोपा, नव्यांचं शिक्षण, कंपनीशी जिव्हाळा अशी कारणं या क्षेत्रात दिली जातात आणि ती खोटी नाहीत. पण त्यांच्या आड एक जुनी अस्वस्थता आहे. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये अनेक देशांत केलेल्या पाहणीत ८७ टक्के कर्मचारी म्हणाले, आमचं काम चोख चाललं आहे. ८५ टक्के वरिष्ठ म्हणाले, घर-कार्यालय अशा मिश्र पद्धतीत माणसं खरोखर काम करताहेत याची खात्री वाटणं अवघड झालंय. या दोन आकड्यांमधल्या दरीत गेली काही वर्षं लाखो माणसं नोकरी करताहेत. टीम्स या ॲपवर आपण हजर आहोत हे दाखवणारा हिरवा ठिपका पिवळा होऊ नये म्हणून ताट लॅपटॉपशेजारी ठेवून, एका हाताने जेवत दुसऱ्या हाताने माउस हलवत राहणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांची हजेरी पक्की लागते. जेवणाच्या त्या वेळात काम होत नाही आणि जेवणही अंगी लागत नाही.

घरून काम चांगलं की वाईट, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही, हे संशोधनातूनही दिसतं. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम यांनी २०१० च्या अखेरीपासून शांघायमधल्या सीट्रिप या पर्यटन कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग केला. तयारी दाखवणाऱ्यांपैकी काहींना चिठ्ठी टाकल्यासारखं निवडून घरी बसवलं. त्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. ही बातमी जगभर गाजली. तिच्यातल्या दोन गोष्टी मात्र फारशा कोणी सांगितल्या नाहीत. घरी बसलेल्यांना त्यांच्या कामाच्या मानाने बढत्या कमी मिळाल्या. आणि प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितल्यावर घरी बसलेल्यांपैकी जवळपास निम्मे कार्यालयात परतले. घरी त्यांना एकटं वाटत होतं.

त्याच कंपनीतला पुढचा प्रयोग २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. आठवड्यातले दोन दिवस घरून आणि तीन दिवस कार्यालयातून, असं सोळाशेहून अधिक लोकांवर करून पाहिलं. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं, कामगिरीत फरक पडला नाही, बढत्याही अडल्या नाहीत. सर्वांत जास्त टिकल्या त्या स्त्रिया आणि ज्यांचा प्रवास लांबचा होता ती माणसं. बदलापूरहून अंधेरी गाठणाऱ्याला हे शांघायने सांगायची गरज नाही.

पण आपल्याच देशातला निष्कर्ष वेगळा आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. चेन्नईमध्ये डेटा एन्ट्री करणाऱ्यांवर असाच प्रयोग झाला. तिथे घरून केलेलं काम १८ टक्के कमी भरलं. त्यातही ज्यांनी आपणहून घर पसंत केलं होतं, त्यांचं काम घरी जास्त घसरलं. याचं एक कारण असं, की ज्यांना घर हवं होतं त्यांच्यात मुलांची किंवा घरातल्यांची देखभाल करावी लागणारे आणि गरीब घरांतले लोकही होते. म्हणजे घराची गरज ज्यांना सर्वांत जास्त, त्यांचंच घर कामाला सर्वांत कमी साथ देणारं.

चिंचवडच्या किंवा डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये याचा अर्थ काय होतो, ते प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. नवरा आतल्या खोलीत दार लावून मीटिंगला बसतो. बायकोचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, कारण तिथून गॅसही दिसतो आणि दारही. कुरिअर तिने घ्यायचं, मुलाचं पाढे म्हणणं तिने ऐकायचं, 'तू घरीच आहेस ना' म्हणून बँकेचं कामही तिच्याकडे. २०१७ च्या मातृत्व लाभ सुधारणा कायद्याने बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद केली, ती मालकाशी आपसांत ठरवून. चांगली तरतूद आहे. पण ती वापरणाऱ्या बाईला घरात एक टेबल आणि चार तासांची शांतता कोण देणार, हे कायदा सांगत नाही. ते घरातल्यांनीच ठरवायचं आहे, आणि ते अजून ठरलेलं नाही.

महाराष्ट्राला तर घरून काम नवं नाहीच. सोलापुरात हजारो बायका पिढ्यान् पिढ्या घरी विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापाने कातरायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, दोऱ्याने बांधायचं. मजुरी हजारावर. जागा तिची, दिवा तिचा, दुखणारी कंबर तिची, आणि कारखान्यात विड्या नेऊन दिल्यावर चांगल्या कुठल्या नि टाकाऊ कुठल्या हे ठरवणार समोर बसलेला माणूस. टाकाऊ ठरल्या की तिची मेहनत गेली. तिच्यावर कोणी पाळत ठेवली नाही, कारण गरजच नव्हती. सगळी जोखीम आधीच तिच्या पदरात होती. आज घरून काम करणाऱ्या नोकरदारांना वीज, इंटरनेट, खुर्ची, वातानुकूलन यांचा खर्च हळूहळू आपल्या खिशातून करावा लागतो आहे. त्यांनी एकदा सोलापूरकडे बघावं.

दुसरीकडे लिज्जत पापड. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी उसन्या ८० रुपयांवर सुरू केलेलं काम. तिथेही बायका भिजवलेलं पीठ घरी नेतात, घरी पापड लाटतात, वाळवून केंद्रावर आणतात. पापड वजन करून, तपासून घेतले जातात, पैसे मिळतात. वरवर पाहता विडीसारखीच गोष्ट, पण प्रत्येक लाटणारी बहीण संस्थेची भागीदार आहे आणि संचालिका बहिणींमधूनच पुढे येतात. पापड केवढा, किती पातळ, किती वाळलेला हवा, हे सगळ्यांना आधी ठाऊक असतं. तपासणारीचे हातही कधीकाळी त्याच पिठात मळलेले असतात. घरून केलेल्या कामाला इतकी वर्षं टिकवणारं नेतृत्व कसं असतं याचा शोध घ्यायला आपल्या व्यवस्थापन संस्थांनी बाहेर कशाला जावं? काम काय, चांगलं काम कशाला म्हणायचं आणि त्यातला वाटा किती, या तीन गोष्टी जिथे उघड असतात तिथे हिरवा ठिपका लागत नाही. जिथे वरिष्ठालाच काम नीट माहीत नसतं, तिथे तो हजेरी मोजतो. त्याच्या हातात दुसरं मोजमापच नसतं.

कार्यालयाच्या बाजूचा माझ्या मते सर्वांत भक्कम मुद्दा नव्या मुलांचा आहे. २०२० आणि २०२१ मध्ये ज्यांची पहिली नोकरी लागली त्यांच्यातल्या अनेकांनी आपला साहेब वर्ष-दीड वर्ष पडद्यावरच पाहिला. शेजारच्या खुर्चीवरून कळतं ते त्यांना कोणी सांगितलं नाही: ग्राहकाला नाही कसं म्हणायचं, चूक झाली तर आधी कोणाकडे जायचं, कोणत्या ईमेलला उत्तर द्यायचं नसतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या अभ्यासात दिसलं, की सहकाऱ्यांजवळ बसणाऱ्यांना आपल्या कामावर अधिक सूचना मिळतात. याचा फायदा सर्वांत जास्त होतो तो नवख्यांना आणि स्त्रियांना. म्हणून नव्यांनी कार्यालयात यावं, असंच मी म्हणेन. पण मग जुन्यांनीही त्याच दिवशी यायला हवं आणि त्यांच्या शेजारी बसायला हवं. वाकडहून हिंजवडीला तासभर खर्चून पोचायचं आणि कानाला हेडफोन लावून बंगळुरू नि बोस्टनमधल्या माणसांशी पडद्यावर बोलायचं, शेजारच्याशी एक शब्दही नाही, याला मी कार्यालयात येणं म्हणणार नाही. तो इंधनाचा आणि आयुष्याचा अपव्यय आहे.

शिकवणं लांबूनही होऊ शकतं, मात्र त्याला जास्त कष्ट पडतात. मराठी मासिकांना हे अनुभवाने माहीत आहे. आमचे लेखक कायमच घरून काम करत आले. 'सत्यकथा' मासिकाच्या काळात संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी गावोगावच्या नवख्या लेखकांशी पत्रांतून काम केलं. कथेत कुठे काय अडतंय ते नेमकं लिहून कळवायचं, पुन्हा लिहायला लावायचं, पुन्हा वाचायचं. लेखक किती वाजता लिहायला बसतो याची त्यांनी चौकशी केली असेल असं मला वाटत नाही. आलेला मजकूर मात्र ते शब्दन् शब्द वाचत. आजच्या किती व्यवस्थापकांना आपल्या माणसाच्या कामाबद्दल एक पानभर नेमकं लिहिता येईल? 'गुड जॉब' आणि अंगठ्याचं चिन्ह यापलीकडे किती जण जातात? दूर बसलेल्या माणसाला नोकरीत समाधान मिळायचं तर कोणीतरी आपलं काम लक्ष देऊन बघतंय, हे त्याला कळावं लागतं. पाळतीतून ते कळत नाही.

कामाच्या वेळेचा प्रश्नही लोंबकळतोच आहे. कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये मांडलं होतं. फ्रान्सने तसा कायदा २०१७ पासून लागू केला. आपल्याकडे असा कायदा होईपर्यंत निदान वरिष्ठांनी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी 'फक्त एक मिनिट' असा मेसेज टाकू नये, एवढं मी आग्रहाने सांगतो.

हा अंक छापणारे, बांधणारे, गठ्ठे वाहून स्टॉलवर नेणारे यांना घरून काम हा पर्याय कधीच नव्हता. त्यांच्यामुळे हा अंक वेळेवर निघाला. या विषयावर पत्रं जरूर पाठवा. ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत त्यांच्या पत्रांची मी विशेष वाट पाहीन. तुमच्या सर्वांत नव्या सहकाऱ्याला गेल्या वर्षभरात तुम्ही स्वतः काय शिकवलंत, ते लिहा. पुढच्या अंकात ती पत्रं छापू.